उंबऱ्यातला पाचवा खिळा

॥ श्री ॥
गोरेगाव, मुंबई
२० नोव्हेंबर २०२३

ती. स्व. काशीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्रच लिहिते आहे. फोनवर मी घसा फोडून विचारते की शूटिंगला घर देशील का, आणि तू सांगतेस की हो, कधीच जेवले. गेल्या महिन्यात आम्ही घर बघायला आलो तेव्हा तू मान हलवलीस ती होकाराची होती, असं मी धरून चालले आहे. नसली तर आताच सांग. आठ जानेवारीपासून काम सुरू करायचं ठरलं आहे.

सिनेमा भुताच्या घराचा आहे आणि मुद्दाम जुन्या धाटणीचा. ऐंशीच्या आसपास यायचे तसला. लाल-हिरवा उजेड, जमिनीलगत धूर, करकरणारं दार, पांढऱ्या साडीतली केस मोकळे सोडलेली बाई आणि शेवटी मांत्रिक. संगणकावर काही करायचं नाही, सगळं हाताने, हा माझा हट्ट. माझा पहिलाच सिनेमा आहे, त्यामुळे निर्माता निलेश माझ्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसा बघतो, दूध उतू घालवते की काय म्हणून.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पुढच्या दाराच्या उंबऱ्यात पाच जाडे लोखंडी खिळे आहेत. शेजारच्या बाबली सुतारकाकांनी सांगितलं की या घरात फार वर्षांपूर्वी एक बाई पोटुशी असताना गेली, तिची अळवत झाली, म्हणजे आमच्या भाषेत हडळ, आणि ती परत घरात येऊ नये म्हणून ते ठोकले. ऐकून अंगावर काटा आला. आम्ही सिनेमाचा शेवटच त्यावर बांधला. मांत्रिक एकेक खिळा ठोकतो, प्रत्येक खिळ्याला ती बाहेर किंचाळते, पाचव्याला गप्प होते. निलेश म्हणतो, हा प्रसंग सिनेमा तारून नेणार.

ती बाई कोण होती? तुला नक्की माहीत असेल. पप्पांना विचारलं तर ते जेवता जेवता ताटावरून उठले.

उत्तर लवकर दे. रागवायचं असेल तर पत्रातच रागव, फोनवर तुला ऐकू येत नाही पण मला येतं.

तुझी,
किशोरी


॥ श्री ॥
खाजणवाडी, ता. मालवण
२९ नोव्हेंबर २०२३

चि. किशोरीस काशीआत्याचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या खाली थोडा राग.

पहिलं म्हणजे माझं दार करकरत नाही. दर शनिवारी बिजागऱ्यांना खोबरेल घालते मी. कोळीष्टकं नाहीत, पोपडे नाहीत, दिवाळीआधीच चुना काढून झाला. पस्तीस वर्षं मुलांना शाळेत शिकवलं आणि चव्वेचाळीस वर्षं या घरात बहुतेक एकटी राहिले. माका अजून एकय भूत गावलां नाय. तुला भुताचं घर हवं तर ते बरोबर घेऊन ये.

दुसरं. ती बाई कोण, असं तू विचारलंस. तिचं नाव सावित्री. ती तुझ्या बापाची पहिली बायको.

तुझ्यापासून हे लपवलं, त्यात मीही आले, त्याची मला लाज वाटते. सावित्रीवहिनी शिरोड्याची. लग्न होऊन आली तेव्हा मी वीस वर्षांची, ती एकवीसची. वहिनी म्हणायला मी आठ दिवसांतच विसरले. जत्रेत तंबूतला सिनेमा आला की आम्ही दोघी पहिल्या ओळीत. भुताचा सिनेमा असला की सगळ्या बाया पदर तोंडात धरून बसायच्या आणि ही खदाखदा हसायची. भुताच्या पायातल्या चपला दिसल्या म्हणून. डोअरकीपरने एकदा बाहेर काढली होती आम्हांला.

एकोणऐंशीच्या आषाढात तिला कळा सुरू झाल्या आणि काहीतरी अडलं. दवाखाना खाडीपलीकडे. पाऊस होता, तरी तरीवाला होडी घालायला तयार होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं, तेव्हा माझे कान शाबूत होते. पण थोरले काका म्हणाले की आमच्या घरातल्या बायका घरात बाळंत होतात, होडीत नाही. तुझा बाप मान खाली घालून उभा राहिला. दुपारी ती गेली, बाळ पोटातच. तिसऱ्या दिवशी काकांनी उंबऱ्यात खिळे ठोकायला लावले, वाटेवर मोहऱ्या टाकल्या. अळवत झाली म्हणून वाडीभर झालं. पुढे त्या नावावर माझी दोन स्थळं परत गेली. तिसऱ्याला मीच परत पाठवलं.

किशोरी, ज्या घरासाठी ती आली त्याच घरात तिला यायची बंदी आहे. दर म्हाळाला, पितृपक्षात, सगळ्यांची पानं आत आणि तिचं पान अंगणाच्या गडग्याबाहेर. मी हे चव्वेचाळीस वर्षं बघितलं आणि शाळेत मुलांना धीट व्हा म्हणून शिकवलं. तुझा मांत्रिक ते खिळे पुन्हा ठोकणार असेल तर माझं घर मिळायचं नाही. सिनेमा कर, पण वहिनीला परत बाहेर काढू नकोस.

लोभ आहेच. तो पुढे ठेवायचा की कसं, ते तुझ्या उत्तरावर.

काशीआत्या


गोरेगाव
८ डिसेंबर २०२३

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. आधी माझी चूक कबूल करते. ऐकलेल्या गोष्टीमागे कुणी माणूस असेल, असं माझ्या मनातच आलं नाही. बत्तीस वर्षांची झाले आणि सांगीव भुतावर आख्खी पटकथा लिहिली, आणि ते भूत आमच्याच रेशनकार्डावरचं निघालं.

मग मी चिडले, हेही सांगते. आईला विचारलं तर तिला लग्नाआधीपासून ठाऊक. ती म्हणाली, दर वर्षी म्हाळाला पप्पा जेवण झाल्यावर एकटेच गॅलरीत जातात, तेव्हा ती त्यांना हाक मारत नाही. एवढ्या वर्षांत हाक कुणीच मारली नाही म्हणायची. पप्पांशी मी चार दिवस बोलले नाही, पाचव्या दिवशी सगळंच बोलले. ते ऐकत राहिले. उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

निलेशला सांगितलं की मांत्रिक गेला. तो म्हणाला मांत्रिकाशिवाय असला सिनेमा म्हणजे माशाशिवाय तिखलं. मी म्हटलं, मग दुसरं घर शोध आणि दुसरी दिग्दर्शिकाही. दोन दिवस रुसला, मग आला. नवा शेवट असा की घरातली मुलगी खिळे काढते आणि बाई आत येते. घाबरायचं तर ज्याने खिळे ठोकले त्याने घाबरावं.

आता तूच सांग, ती दिसायची कशी, हसायची कशी. मला पांढरी साडी नको आहे.

रागावलेलीच, पण तुझ्यावर नाही,
किशोरी


डोंबिवली
१४ डिसेंबर २०२३

चि. काशीस अ. आ.

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. किशोरीने तुझं पत्र वाचून दाखवलं. तिला सांगायचं होतं तर आधी मला विचारायचं होतंस.

मंगेशचा फोन आला होता. वाडीत बातमी पसरली आहे की काशीबाई सिनेमावाल्यांना घेऊन उंबरठा उकरणार. तो म्हणाला, त्याच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, घराच्या भल्यासाठी केलेलं काम आहे, त्याला हात लावला आणि उद्या कुणाला काही झालं तर गावकरी तुलाच धरतील. तू तिथे एकटी. ऐकू येत नाही. मला इथे काळजी.

मी त्या वेळी सव्वीस वर्षांचा होतो. काकांपुढे आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, तूही नाही. जे झालं ते झालं. शूटिंग कर, माणसांना चहापाणी दे, पण खिळे राहू देत. एवढं माझं ऐक.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
खाजणवाडी
२० डिसेंबर २०२३

ती. स्व. दादास काशीचा सा. न.

पत्र पोचलं. गुडघ्यांना निरगुडीचा पाला शेकायला घे, पाठवते.

मी बोलले नव्हते हे खरं आहे. म्हणून तर आता बोलते आहे. मंगेश माझ्याकडेही येऊन गेला, पडवीत बसून भाकरी खाल्ली आणि मग धमकी दिली. मी त्याला सांगितलं की या वाडीत मी एकाच गोष्टीला भिते, ती म्हणजे त्याच्या वडिलांचं होडीबद्दलचं ते वाक्य, आणि ते बोलणारा माणूस मरून तीस वर्षं झाली तरी ते अजून जिवंत आहे. कुणाला काही झालं तर म्हणतो. अरे, चव्वेचाळीस वर्षांत या वाडीत माणसं आजारी पडली, झाडावरून पडली, बुडाली, तेव्हा खिळे जागच्या जागीच होते ना?

दादा, मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. देते. तरी तू माझा भाऊ आहेस आणि तुझ्या तोंडावर तिचं नाव यावं असं मला वाटतं. या पत्रात सुद्धा तू ते लिहिलं नाहीस, मी दोनदा वाचून बघितलं.

खिळे निघणार. पंधरा जानेवारीला, संक्रांतीला, सकाळी नऊ वाजता. कॅमेरा बंद ठेवून. हातोडी तुझ्या हातात होती म्हणून तू यावंस अशी माझी इच्छा आहे. नाही आलास तर बाबली आहे.

घर सोडून जाताना मला विचारून गेला नव्हतास, येताना विचारू नकोस, सरळ ये.

काशी


॥ श्री ॥
खाजणवाडी
१७ जानेवारी २०२४

ती. स्व. दादास सा. न.

तू आला नाहीस. किशोरी परवा सकाळी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.

आधी गंमत सांगते. सिनेमावाल्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या पडवीत डब्यातून कोळीष्टकं फवारली. मी केरसुणी घेतली. मग असा तह झाला की ते दुपारी लावतील आणि मी संध्याकाळी काढीन. दार करकरावं म्हणून एक पोरगी रोज बिजागरीचं तेल पुसते आणि मी रोज सकाळी घालते. त्यांनी धूर सोडला तर खालच्या अंगाचे रापणकर मच्छीमार कळश्या, बादल्या घेऊन विझवायला धावले आणि भुताचं काम करणारी नटी नखशिखांत भिजली. तिला कोरडं नेसायला काही नव्हतं म्हणून मी ट्रंक उघडली. निळ्या फुलांची वायलची साडी, तू ओळखशील. आता सिनेमात भूत तीच साडी नेसून येतं, आणि किंचाळत नाही, हसतं. निलेश म्हणाला की हे ऐकून त्याची बोबडी वळली. त्याला म्हटलं, हसणं सावित्रीचं आहे, घाबरणं तुझं.

आता संक्रांतीचं. मंगेश दहा-बारा माणसं घेऊन अंगणात उभा होता. मी कुणाला बाहेर जा म्हटलं नाही. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं मीच घातलं. बायकांनी घालायची रीत नाही, हे मला कुणीतरी ओरडून सांगितलं असावं, मला ऐकू आलं नाही. या कानांचा तेवढा उपयोग. मी देवाला आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं की ही या घराची सून आहे, हिचा काही अपराध नाही, चूक आमची झाली आणि ती आम्ही सुधारतो आहोत. गाऱ्हाण्याला होय म्हाराजा म्हणायला आधी कुणीच तोंड उघडलं नाही. मग बाबली म्हणाला. मग रापणकरांच्या बायका म्हणाल्या. त्यांची तोंडं हलताना मी बघितली.

बाबलीने पकड लावली. पहिला खिळा निघायला पाव तास लागला, लाकडाने गिळून टाकला होता. दुसरा, तिसरा, चौथा, एकेकाला तसाच घाम. किशोरीने दोन उपटले, तिच्या तळहाताला फोड आला आहे.

पाचव्याला पकड लावायच्या आधी मी सहज बोट लावलं तर तो हलला. दादा, तो खिळा लाकडात अर्धा सुद्धा गेलेला नाही. खालून तोडून आखूड केलेला असावा, आणि भोवती मेण की लाख भरून माथा इतरांबरोबर आणलेला होता. इतकी वर्षं रोज त्यावर पाय देऊन गेले आणि मला कळलं नाही. मी बाबलीचा हात धरला. तो खिळा आम्ही काढला नाही. तो कुणी ठोकला हे माझ्याहून चांगलं तुला माहीत आहे.

मंगेश जाताना तिळगूळ मात्र घेऊन गेला.

तुझ्यावर माझा राग आहे, पण परवापासून तो नीट धरता येत नाही.

तुझी,
काशी


डोंबिवली
२४ जानेवारी २०२४

चि. काशीस अ. आ.

पाचवा मी मुद्दाम पुरा ठोकला नव्हता. काका मोजत होते म्हणून चार पुरे ठोकले. पाचव्याच्या वेळी ते मोहऱ्या आणायला आत वळले. सावित्रीला दार बंद करायला माझा हात उठेना. एवढंच केलं मी तिच्यासाठी, आणि तेही नंतर खिळा आखूड करून, लाख भरून लपवलं.

मला वाटायचं, ती आली असेल तर त्याच फटीतून येत असेल. दर म्हाळाला गॅलरीत जाऊन तेच विचारायचो.

शनिवारी येतो. किशोरीची आईही येते आहे, तीच म्हणाली. कुडाळला उतरू, घ्यायला कुणाला पाठवू नकोस, रस्ता माहीत आहे. तो खिळा मी हाताने काढीन, पकड लागणार नाही.

दुपारच्या जेवणाला सावित्रीचं पान आत वाढ. माझ्या शेजारी.

दादा