हुकूम कुणाचा

चिचिबू, फेब्रुवारीची अठ्ठावीस, शोवा शकाचं अकरावं वर्ष

चिरंजीव सेइकिचीस आजीचा पोटभर आशीर्वाद. खातोस की नाही, ते आधी कळव. इथे सगळे ठीक. बर्फ गुडघ्यापर्यंत, तुतीच्या फांद्या वाकल्यात, माझा आणखी एक दात गेला.

अरे, काय सांगू! काल शाळेतले नेगिशी गुरुजी थेट आपल्या अंगणात. म्हणाले, "आजी, शहरातून आलेला माणूस सांगत होता, तुमच्या नातवाची पलटण राजधानीत पहाऱ्यावर आहे." महिन्यापूर्वी भरती झालेलं पोर, आणि सम्राटांच्या दारात पहारा! मी शेजारच्या ओकुमेला हाका मारून सांगितलं. ती म्हणते, "तो? कोंबडीला भिणारा?" मी म्हटलं, "तुझा जावई तर पिल्लाला बघून पळतो." दोघी इतक्या हसलो की चहा सांडला.

तुझ्या लेफ्टनंट कागामीसाहेबांना नमस्कार सांग. तू लिहिलंस, साहेबांचा हुकूम म्हणजे सम्राटांचाच हुकूम, असं पहिल्याच दिवशी घोकून घेतात. बरोबरच आहे. एवढे लांबचे सम्राट, कुणाच्या तरी तोंडून बोलणारच. साहेब तुझ्या बहिणीची, आपल्या फुमीची चौकशी करतात, गरिबांच्या बहिणींसाठी डोळ्यांत पाणी आणतात, तेही वाचलं. फुमी ठीक असेल. कर्जापायी जिथे तिला विकावं लागलं, त्या चहाघरातून ती लिहीत नाही.

लोक काहीबाही बोलतात. परवा पहाटे कुणी म्हातारा मंत्री अंथरुणातच मारला गेला म्हणे. तू बाहेर रस्त्यावर उभा असशील. थंडी फार होती ना?

एकोणतीस, दुपार

पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. गुरुजी पुन्हा आले. आत या म्हटलं तरी दारातच उभे. "आजी, रेडिओवर सम्राटांचा हुकूम आलाय. शिपायांनो, बराकीत परत जा. जे जाणार नाहीत ते बंडखोर, त्यांच्यावर गोळी."

मी म्हटलं, "पण साहेब म्हणजेच सम्राट ना?"

"त्या साहेबांवरच सम्राट संतापलेत. साहेबांनी पलटणी नेऊन मारले ते सम्राटांचे स्वतःचे मंत्री होते. तुमच्या पोरांसमोर दुसरी फौज उभी आहे, रणगाडे घेऊन."

"म्हणजे ही माणसं सम्राटांचंही ऐकत नाहीत?"

गुरुजींनी मागे वळून पाहिलं. "हळू बोला," म्हणाले.

ओकुमेने आज हाकेला ओ दिली नाही.

सेइकिची, त्या म्हाताऱ्या मंत्र्याच्या घरात तू होतास का, ते मी विचारत नाही. बंदूक दिली, चल म्हटलं, तू चाललास. पण आता माझं ऐक. कागामीसाहेब थांबा म्हणाले तरी थांबू नकोस. फुमीचं नाव काढलं तरी नाही. म्हाताऱ्यांचं रक्त सांडून ती घरी येत नाही रे. बंदूक खाली ठेव आणि चालत बराकीत जा. भित्रा म्हणतील, म्हणू देत.

पोस्टवाला म्हणतो, राजधानीची पत्रं वाटेतच अडकलीत. म्हणजे हे पोचेल तेव्हा तू जे करायचं ते करून चुकलेला असशील.

आणि सेइकिची तिथे नसला, हे पत्र दुसऱ्याच कुणा साहेबाने उघडलं, तर बाबा रे, एवढं वाच. पोर एका महिन्याचा शिपाई होता. हुकूम पाळायला शिकला होता. कुणाचा, ते विचारायला तुम्ही अजून शिकवलं नव्हतं.

हात जोडून,
सेइकिचीची आजी