ट्रक बाहेरच असू द्या

सिएटल, नोव्हेंबर १९६७

प्रिय डॅड,

मी मजेत आहे. वर्गातली मुलं आता माझं ऐकतात. तुमचा खोकला कसा आहे?

काल रेडिओवर आपल्या धाकट्या डेलच्या बँडची रेकॉर्ड लागली. निवेदक म्हणाला, "याकिमा गावची पोरं! कुठे गायब झाली, कोण जाणे." डेल लढायला व्हिएतनामला गेला आणि दुसरी रेकॉर्ड राहूनच गेली, हे त्या निवेदकाला कोण सांगणार?

आई लिहिते, ट्रक तुम्ही पुन्हा गॅरेजमध्ये लावता. "तुमच्या गोंगाटानं कोंबड्या अंडी देईनात!" असं ओरडायचात, पण पोरांना गॅरेजमध्ये सराव करता यावा म्हणून तीन हिवाळे ट्रक बाहेर बर्फात ठेवलात.

यंदाही बाहेरच ठेवा ना. असा हट्ट पदवीधर मुलीला शोभत नाही, पण गॅरेजमधली डेलची जागा भरलेली मला बघवणार नाही.

तुमच्या खोकल्याची काळजी करणारी,
आर्लीन