विचारायचं काम तुझ्या आईकडे होतं

चिमणे,

मी स्पॅनिशच्या क्लासला जातोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. स्पेनमधल्या त्या लांबच्या पायी यात्रेला मी जाणारच. डॉक्टरांना सांगितलंय, हे गुडघे एका निवृत्त उंटाकडून घेतलेत, त्यांची काळजी नको.

अडचण वेगळीच आहे. तुझ्या आईनं आणि मी अभ्यास वाटून घेतला होता. रस्ता, पाणी, मुक्काम, सगळं तिनं विचारायचं. उत्तर मी समजून घ्यायचं. ती गेली, आणि मला साधं पाणीही मागता येत नाही. म्हणून पुन्हा पहिल्या धड्यापासून बसलोय.

काल क्लासमध्ये बाईंनी विचारलं, "सोबत कोण?" मी म्हणालो, "बायको." आजवरच्या माझ्या थापांपैकी ही एकच सगळ्यांना खरी वाटली.

'मी एकटाच आहे' हे बाई उद्या शिकवणार आहेत. तोवर तिचं तिकीट रद्द करू नकोस.

बाबा