बापूचा वर केलेला हात

मंगळवार, दिवेलागण

मंचरच्या डॉक्टरांनी आज एमआरआय बघून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीवर गाठ आहे. कॅन्सर नाही. ती स्वतः कुठलंच हार्मोन तयार करत नाही, म्हणून गुपचूप वाढली आणि डोळ्यांच्या नसांवर दाब आला. समोरचं नीट दिसतं, दोन्ही कडांचं गेलंय. डोकं दुखायचं, थकवा यायचा, ते मी वयावर ढकलत होतो.

ऑपरेशन नाकातून करतात म्हणे. त्याचं काही वाटलं नाही. आठवला तो बापू.

वारूळवाडीचा बापू, शाळेपासूनचा सोबती. मी टोमॅटो घेऊन मार्केटला निघालो की रस्त्याकडेच्या ओट्यावरून राम राम घालायचा. गाडीच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणून नुसता हात वर. मग तो हात दिसेनासा झाला. मला वाटलं, ह्याला कसला ताठा आलाय? मीही थांबलो नाही. दिवाळीआधी तो गेला.

आता गाडी चालवायला बंदी, म्हणून एसटीनं परतलो. वाटेत वारूळवाडीला उतरून बापूच्या घरी गेलो, वहिनींना गाठीचं सांगितलं. त्या रडायलाच लागल्या.

"भाऊ, ह्ये रोज हात वर करायचे वो. तुमी बघायचाच न्हाई. म्हनायचे, माझं काय चुकलं आसंल?"

किती दिवस हात वर करत राहिला असेल तो?

निघताना रस्त्यावर थांबलो. मान पूर्ण वळवली. अख्खा ओटा दिसला.