नाणी सोडून काहीही

मुरुड, ५ जानेवारी २०२५

चि. रावजीस,

अनेक आशीर्वाद होते. त्यातले निम्मे परवाच्या साखरपुड्यात संपले. उरलेले पाठवते आहे, जपून वापर.

फोनच केला असता, पण मी रागावले की दिवेआगरचं नेटवर्क जातं असा माझा अनुभव आहे. कागदाचं तसं होत नाही.

सोनूबाईंनी आपल्या राहीची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि त्यांच्या सासूबाईंनी जपलेला राणीछाप रुपया. होणारी सासू कुंकू लावते आहे, आणि मुलीच्या बापाने काय करावं? लेकीच्या पदरातून रुपया उचलावा, खिशातून भिंग काढावं, मग रुपया फरशीवर टाकून वाजवून पाहावा आणि भर मांडवात सांगावं की हा खोटा आहे! तो खोटा होता की खरा, हे मला कळवू नकोस.

आमच्यात ओटी वाजवून घेत न्हाईत, एवढंच म्हणून सोनूबाई उठल्या. मी आगरदांड्याला त्यांच्या घरी जाऊन पुन्हा पुन्हा चहा प्यायले, तेव्हा कुठे अट ठरली. होळीनंतर त्या लग्नाची तारीख काढायला तुझ्याकडे येतील. तोवर नाण्याला हात लावायचा नाही. लावलास, तर त्यांच्या शुभमसाठी दुसरी मुलगी. राही भाजीत मीठ घालायला विसरते आहे, हे तुझ्या जिभेला तरी कळलं असेल. तुझ्या नाण्यांच्या कपाटाची चावी मी आणली आहे.

तू काही गोळा केल्याशिवाय जगणार नाहीस, हेही मी जाणते. नाण्यात तुला काय आवडतं? तळहातावर मावतं, जुनं असतं, एकासारखं दुसरं नसतं आणि कप्प्यात ओळीने मांडता येतं. हे सगळं एसटीच्या तिकिटांत आहे, काड्यापेटीच्या चित्रांत आहे, समुद्रावरच्या शंखांत आहे. निवड आणि कामाला लाग.

माया आहेच, ती टिकवणं तुझ्या हातात.
किशोरीताई


दिवेआगर, २० जानेवारी

ती. ताईस,

पाया पडतो आणि वाकलेल्या स्थितीतच लिहितो. तू कळवू नकोस म्हणालीस म्हणून कळवत नाही. पण ज्याला कान आहेत त्याला त्या आवाजावरून समजलंच असेल.

आधी तिकिटं धरली. स्टँडवर उभा राहून उतरणाऱ्यांकडून मागून घेतली, वहीत चिकटवली, डिंक वाळावा म्हणून उन्हात ठेवली. ही यंत्रातली तिकिटं, ऊन लागताच सगळी कोरी. कल्पिता म्हणाली, अहो, आता वही भरून फुकटे प्रवासी झाले.

मग शंख. पहाटे किनाऱ्यावरून टोपलीभर आणले आणि आपल्या भाड्याच्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांना कौतुक वाटावं म्हणून न्याहारीच्या टेबलावर मांडले. ठाण्याचं कुटुंब पोह्यांना बसलं आणि शंख चालू लागले. प्रत्येकात एक छोटा खेकडा राहत होता, ते मी तपासलंच नव्हतं. एक सरळ काकूंच्या बशीत चढला. काकू खुर्चीवर, काका टेबलावर, आणि त्यांची नात टाळ्या पिटत मेमध्ये परत यायचंच म्हणून हटून बसली.

तुझ्या रागालाही पात्र राहावं, ही इच्छा.
रावजी


मुरुड, २ फेब्रुवारी

चि. रावजीस,

आशीर्वाद, पण शंकेसह.

कल्पिता फोनवर म्हणाली की तू आता जुन्या चाव्या गोळा करतोस. गंजलेल्या, कुलूप हरवलेल्या, गावभर मागून. छंद चांगला आहे. पण त्यातली एखादी नाण्यांच्या कपाटाला लागते का, हे तर पाहत नाहीस ना? खबरदारी म्हणून नवीन कुलूप बसवायला मी शुभमलाच पाठवते आहे.

तुझं भलं चिंतणारी,
किशोरीताई


दिवेआगर, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,

दंडवत.

शुभम आला, कुलूप बसवून गेला. एवढ्याशा कुलपाला सकाळची संध्याकाळ झाली. राही स्क्रू देत होती. तुझी शंका फार अन्यायाची आहे. मी थोड्याच चाव्या लावून पाहिल्या.

तसाही तो छंद संपला. सगळ्या चाव्या चिंचेच्या पाण्यात घासून चकचकीत केल्या. त्यात पाहुण्यांच्या खोल्यांच्याही होत्या, त्यांचे नंबर धुऊन गेले. पुण्याचं जोडपं समुद्रावरून ओलंचिंब आलेलं आणि कपडे खोलीत बंद. तिने कल्पिताची साडी, त्याने माझी लुंगी नेसून दुपार झोपाळ्यावर काढली.

शिक्षा म्हणून कल्पिताने मला सुपाऱ्या कातरायला बसवलं. ताई, कातरता कातरता मी हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. पितळी, मुठींना पोपटाच्या चोची. जन्मापासून घरात आहे आणि मी कधी पाहिलाच नव्हता!

आता घरोघर हिंडतो. म्हातारी माणसं गेली, तरुण सुपारी कातरत नाहीत, पण प्रत्येक फडताळात एक अडकित्ता पडलेला असतोच. घोड्याचा मिळाला, माशाचा मिळाला, मिठी मारलेल्या जोडप्याचाही मिळाला (तो पाहुण्यांना दाखवत नाही). आणि एक मोराचा. मिटला की पिसारा मिटतो, उघडला की फुलतो. काल तो उशाशी घेऊन झोपलो. कल्पिता माहेरी जायचं म्हणते.

आनंदात न मावणारा,
रावजी


दिवेआगर, २२ मार्च

ती. ताईस,

घाईत नमस्कार. घात झाला.

सोनूबाई आल्या. पाठ ताठ, चेहरा बंद. मी नाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. पान पुढे केलं. त्यांनी अडकित्ता मागितला. मी विचारलं, कोणता देऊ?

इथेच चुकलो. सगळे आणून मांडले. बाई खुर्चीवरून उठल्या, खाली मांडी घालून बसल्या आणि एकेक उघडून, मिटून, कानाशी नेऊन पाहू लागल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत कोणता पायजे असं मला कुणी इचारलंच न्हाय. मग त्यांनी मोर उचलला आणि सरळ आपल्या पानाच्या चंचीत टाकला.

मी हात जोडून म्हणालो, दुसरा कुठलाही घ्या. त्यांनी मोर काढून पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, ह्यो दिलात तर मुहूर्त सापडंल, न्हायतर यंदाच्या पंचांगात तिथीच न्हाय.

मी विचार करायला वेळ मागितला. ताई, मी खरंच वेळ मागितला. राही दारात उभी होती.

सल्ला दे.
रावजी


मुरुड, २६ मार्च

रावजी,

आशीर्वाद नंतर.

सोनूबाई फेरीबोटीतून उतरून थेट माझ्याकडे आल्या आणि चहा निवेपर्यंत मोरावर बोलल्या. पिसारा कसा फुलतो ते पदर पसरून दाखवलं. तुझ्याइतकं वेडं माणूस या किनाऱ्यावर आणखी एक आहे आणि ते तुझी विहीण होऊ पाहतं आहे, याहून चांगलं स्थळ राहीला मिळणार नाही. मोर दे. आजच.

किशोरीताई


दिवेआगर, २ एप्रिल

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मोर रुमालात बांधून दिघीच्या जेट्टीकडे निघालो होतो. राहीने अंगणातच अडवलं. म्हणाली, बाबा, कुणी कुणाला मोर द्यायचा नाही. तो माझ्या रुखवतात मांडायचा, म्हणजे तो माझा. तिकडे आईंना हवा असेल तेव्हा त्यांनी माझ्याकडे मागायचा. तुम्हाला आठवण आली तर लाँचने यायचं, चहा घ्यायचा, बघायचा आणि परत ठेवायचा.

शुभमने हे आईला सांगितलं. बाई खूप वेळ हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, पोरगी माझ्या वरताण हाय, हीच पायजे. अठरा मेचा मुहूर्त निघाला. राहीने आज भाजीत दोनदा मीठ घातलं.

संध्याकाळी ती रुखवत मांडून पाहत होती. तिळाच्या वड्या, विणलेले रुमाल, मधोमध मोर. मला एकदम रडू आलं. समजूत काढायची सोडून सगळे हसत सुटले.

तुझा,
रावजी


मुरुड, ७ एप्रिल

चि. रावजीस,

आता सगळे आशीर्वाद, मागची थकबाकी धरून.

रडू लेकीसाठी आलं की मोरासाठी, हे कल्पिताने विचारलं, राहीने विचारलं, आणि तू नाक पुसत गोठ्यात निघून गेलास असं कळतं. मी विचारत नाही. मोराला आता उगाच हाताळू नकोस, तो दुसऱ्या घरचा झाला.

मी लग्नाच्या चार दिवस आधी येते. रडायला सोबत लागेल.

किशोरीताई