चौथ्या गाण्यातलं शाब्बास

३ जून
आधी कालची दुरुस्ती. ‘माझा अजून बाजारात न आलेला अल्बम हजारो लोकांनी फुकट उतरवून घेतला’ असं लिहिलं, ते चूक. त्या वेबसाइटवर माझं नाव दिसलं आणि डोकं फिरलं. आकडा पाहिलाच नव्हता. हजार तरी असतीलच.
पुरावा म्हणून आज मीही फाइल उतरवली. नीट सेव्ह झाली की नाही अशी शंका आली, म्हणून आणखी दोनदा.

४ जून
रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना फोन. ते म्हणाले, करार आठवतो ना? कॉपी तुमच्या घरून फुटली असेल तर अल्बम रद्द. मी म्हणाले, आमच्या घरात सूर लावायच्या आधी खरं बोलायला शिकवतात. साहेब ‘बरं’ म्हणाले. पटलं असावं.

५ जून
चोरीची फाइल ऐकली. चौथ्या गाण्यात तान संपताच बाबांचं ‘शाब्बास!’ ऐकू येतं. कंपनीने ते कापलं होतं. म्हणजे ही घरातली कॉपी. निष्कर्ष: कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी घुसलं. पासवर्ड बदलला. कपाटालाही कुलूप.
आई म्हणाली, लाव बाई कुलूप. मालकच दोन्ही हातांनी वाटत सुटलाय, त्याला कुठे कोंडशील?
आईला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

७ जून
आईला कळतात. बाबांनीच त्यांच्या गाण्याच्या क्लासच्या सगळ्या मुलांना रियाजासाठी फाइल दिली. एकीने कौतुकाने त्या वेबसाइटवर टाकली. बाबा म्हणाले, अगं, विहीर उपसली की पाणी गोड होतं.
चिडणार होते. पण लहानपणापासून मी शिकले ती बाबांच्या कपाटातल्या कॅसेटवरून, आणि त्यातली एकही विकत आणलेली नाही. अर्थात ते वेगळं. ती परंपरा. ही चोरी.
साहेबांना उद्या खरं सांगायचं.

१० जून
घसा बसलाय. उद्या नक्की.

१२ जून
सांगितलं. बाबांचं नाव घेताना आवाज फाटला. साहेब म्हणाले, ते शाब्बास ऐकलं तेव्हाच कळलं होतं. मग म्हणाले, फुकटच्या फाइलींनी बुडालेले गायक मी पाहिलेत. दुकानं बंद झाली, आमचे निम्मे लोक घरी बसले. पण तुमची फाइल आजवर चौदा वेळा उतरली आहे. जे फुकट कोणी नेत नाही, ते विकायला कसं काढू? अल्बम रद्द. बाबांना दोष देऊ नका.
चौदांतल्या तीन वेळा मीच.
बाकीचे लोक प्रामाणिक आहेत, मूळ अल्बमची वाट पाहताहेत. हे साहेबांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१३ जून
बाबांनी विचारलं, अल्बम कधी येतोय? मी म्हणाले, रद्द झाला. का? फाइल फुटली म्हणून. हे अगदीच खोटं नाही. करारात तसं कलम आहे.
क्लासला आलेल्या प्रत्येकाच्या फोनमधून बाबांनी समोर बसून फाइल पुसायला लावली. नंतर मी रियाजाला बसले. तान कधी नव्हे ती स्वच्छ उतरली. शाब्बास आलं नाही. पाहिलं तर बाबा तोंडावर हात धरून बसले होते.
खरं सांगायलाच हवं. उद्या-परवाही क्लास असतो, मुलांसमोर नको. सोमवारी. १६ जूनला, सकाळच्या रियाजाआधी.