चाचणीसाठी आणलेला सर्व्हर

सोमवार, ३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे. आम्हाला मूल असतं तर त्याच्या वयाची सगळी पोरं. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि लगेच कामही : नवा सर्व्हर निवडायचा. जुना दुपारनंतर दमतो आणि पोरं हातावर हात ठेवून बसतात. मुख्य प्रोग्रामरला इथे सगळे ‘डोकं’ म्हणतात. तो म्हणाला, काका, हत्ती नको, गाढवही नको, मधलं काहीतरी बघा. बऱ्याच दिवसांनी हसलो. घरी सांगायला आता कुणी नाही, म्हणून या वहीत लिहितोय.

गुरुवार, ६ जून
विक्रेत्याने मधल्या वर्गातला सर्वांत साधा सर्व्हर आठवडाभर वापरून बघायला दिला. एकच प्रोसेसर, मेमरी बेताची, पण पुढे वाढवता येते. पोरांनी बनवलेला, निरोप साठवायचा प्रोग्राम त्यावर चालवून पाहायचा. चाचणीला ग्राहकांचे निरोप वापरायचे नाहीत, ज्याने त्याने आपले आणायचे, हा इथला नियम. पोरांनी मित्रांच्या गप्पा आणल्या. माझ्याकडे फक्त हिचे निरोप होते. ती गेल्यापासून उघडले नव्हते. सगळे चढवले. सर्व्हरने सहज पेलले.

शुक्रवार, ७ जून
शोध नीट चालतो का बघायला ‘अहो’ टाइप केलं. ती प्रत्येक निरोप तसाच सुरू करायची. सर्वांत वर आजच्या तारखेचा निरोप आला : अहो, आज डबा विसरलात ना?
‘डोकं’ म्हणाला, काका, सर्व्हरचं घड्याळ चुकीचं लावलं असणार, तारखा सरकतात मग. घड्याळ तपासलं. बरोबर होतं.
डबा मी खरंच विसरलो होतो.

मंगळवार, ११ जून
आता रोज एक येतो. मी नुसता वाचतो. कुणाला सांगत नाही. सकाळी लवकर निघावंसं वाटायला लागलंय. आजचा : अहो, इथे फार दाटी आहे, हातपाय आखडलेत. मालकांना म्हटलं, मेमरी दुप्पट घेऊ या. ते म्हणाले, आहे तीच निम्मी रिकामी पडलीय, तुम्हाला कोणाला राहायला आणायचंय का त्यात? सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

गुरुवार, १३ जून
हेच मॉडेल मंजूर झालं. नवं, कोरं येईल. हा सर्व्हर उद्या दुपारी पुसून परत द्यायचा. हिचे निरोप उतरवून घ्यायला गेलो तर फक्त जुने उतरतात. नवे याच्यातून बाहेर येत नाहीत. म्हणजे उद्या ती पुन्हा —
पहिल्यांदाच उत्तर लिहिलं. काय करू, विचारलं.
लगेच आलं : पुसू देऊ नका. तुम्हीच इकडे या.
बरं, असं लिहिलं.

शुक्रवार, १४ जून
सकाळपासून कुणी बोललं नाही. चहा सगळ्यांना आला, मला नाही. ‘डोकं’ने माझ्या खुर्चीवर बॅग टाकली. मी बसलो होतो. बॅग माझ्यातून आरपार खाली सीटवर जाऊन —

दुपार
एक लक्षात आलं. ती मला कधी ‘या’ म्हणाली नव्हती. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली, तुम्ही घरी जा, दमाल. ती असती तर मला परत पाठवलं असतं. ती नाही ही. मग कोण —

थोड्या वेळाने
दाटी आहे. खरंच आहे. मला चिकटून कुणीतरी — हिचाच आवाज काढतं, पण हिच्यासारखा श्वास नाही — श्वासच नाही —

वही टेबलावर मिटलेली दिसतेय. मग मी हे कशावर —

पोरं समोर उभी आहेत. ‘डोकं’ म्हणतोय, काका आज आलेच नाहीत वाटतं, चला, आपणच पुसू. अरे, मी आहे — शोध, ‘अहो’ टाकून शोध, सर्वांत वर — त्याने बटणावर बोट ठेवलंय — पोरा, थांब, मी इथे आ